कंबरेचं माप

नणंद : वहिनी, आपण पावसाचं कव्हर घ्यायला आलोय ना? मग ही पाठीवर काय चढवलीस?

वहिनी : नुसती बघतेय हो, वन्सं.

नणंद : बघायची वस्तू डोळ्यांनी बघतात, पाठीनं नाही. सॅक आहे की आपल्याकडे. बेबीचं लग्न झालं त्या वर्षी दादानं घेतलेली. तू त्याला पाहुण्यांसाठी गाद्या आणायला पाठवलंस, आणि गाद्या राहिल्या बाजूला, तो ही सॅक घेऊन आला.

वहिनी : आठवतं. पाहुणे सतरंज्यांवर झोपले.

नणंद : वर म्हणतो कसा, पाहुणे दोन दिवसांचे, सॅक जन्माची.

दुकानदार : ताई, ही तुम्हाला मोठी होतेय. पोटावरचा पट्टा ओढलात का?

वहिनी : ओढला. आता आणखी ओढला जात नाही.

दुकानदार : आणि तरी मधे हात जातोय.

नणंद : हात काय, उशी जाईल. अहो, हिला काही घालायला देऊ नका. हिच्या अंगावर काही ठरतच नाही. काडीपैलवान आहे नुसती. तुम्ही आपलं या सॅकला बसेल असं कव्हर द्या, म्हणजे आम्ही निघतो.

दुकानदार : बघू, द्या इकडे. मजबूत आहे हो. आता असं कापड येत नाही. आणि मावशी, हा पोटाचा पट्टा कुणी कापला?

नणंद : मावशी? तिला ताई आणि मला मावशी? माझ्याहून मोठी आहे ती. बारीक आहे म्हणून काय झालं?

दुकानदार : चुकलं, ताई. पट्टा कुणी कापला?

वहिनी : तो ना, आम्ही एका ठिकाणी करून घेतला.

नणंद : एका ठिकाणी? एका ठिकाणी काय? मी केलाय. माझ्या मशीनवर. दोन सुया मोडल्या त्यापायी. गादी उसवली, आतला फोम कापला, पुन्हा शिवला, दोन्ही टोकांना दुहेरी टीप मारली.

दुकानदार : टीप बघतोच आहे मी. कारखान्यातसुद्धा इतकी सरळ मारत नाहीत.

नणंद : ऐक, वहिनी.

दुकानदार : शिलाई एक नंबर. माप चुकलंय.

नणंद : काय चुकलंय?

दुकानदार : माप.

नणंद : अहो, मी आयुष्यभर मापं घेतली. या गावातल्या निम्म्या बायका माझ्या हातच्या कपड्यात फिरतात. हिचं माप तर मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवा, सांगते.

दुकानदार : कुठलं माप घेतलंत या पट्ट्याला?

नणंद : कंबरेचं. मग काय गुडघ्याचं घेऊ?

वहिनी : वन्सं, जाऊ द्या ना. कव्हर घेऊ आणि जाऊ.

नणंद : आता का जाऊ? आता नाही जायचं. घालून दाखव यांना. घरी घातलीस तेव्हा कशी छान बसली होती. आरशासमोर उभी राहून म्हणालीस की नाही, वन्सं, माझ्यासाठीच शिवल्यासारखी झाली म्हणून?

वहिनी : म्हणाले होते.

दुकानदार : घरी आत काय भरलं होतं?

नणंद : उशा. फुगलेली दिसायला हवी ना.

दुकानदार : उशा भरल्या की कुठलीही सॅक कुणालाही बसते. थांबा. या वाळूच्या पिशव्या टाकतो. चार-पाच दिवसांचं सामान जेवढं होईल तेवढ्या. हं, ताई, वळा. मी मागून उचलतो, तुम्ही हात घाला. आता पट्टा लावा.

वहिनी : लावला.

दुकानदार : इतका वर?

वहिनी : खाली लागतच नाही. बक्कल एकमेकांना पोचत नाहीत. इथे, पोटाच्या वरच लागतो.

दुकानदार : म्हणजे पट्टा वर गेला, त्याच्याबरोबर अख्खी सॅक वर गेली. आता समोर त्या घड्याळाकडे बघा. किती वाजले?

वहिनी : मान वर होत नाही.

नणंद : होत नाही म्हणजे? कर की.

वहिनी : मागे सॅकचं टोपण टेकलंय डोक्याला, वन्सं. मला फरशी दिसते. तुमच्या चपला दिसतात.

दुकानदार : श्वास घ्या जरा मोठा.

वहिनी : पट्टा... नाही येत. पुरता नाही येत.

दुकानदार : काढा. काढा, बसा त्या स्टुलावर. पाणी देऊ?

नणंद : वहिनी, तू मागच्या रविवारी हीच घालून टेकडी चढलीस ना?

वहिनी : चढले.

नणंद : आणि संध्याकाळी मी विचारलं तेव्हा काय म्हणालीस?

वहिनी : छान बसली म्हणाले.

नणंद : बघू खांदा. इकडे ये. अगं बाई. हे काय आहे? हे काळंनिळं काय आहे? अहो, तुम्ही तिकडे बघा जरा.

दुकानदार : मी दोऱ्यांचं कपाट आवरतोय. मला काही दिसत नाही.

नणंद : हे काखेपर्यंत गेलंय. आणि पोटावर?

वहिनी : पोटावर वळ आहे. उतरतोय आता.

नणंद : मला का नाही सांगितलंस?

वहिनी : काय सांगू? तुम्ही त्या सॅकपुढे कात्री घेऊन कितीतरी वेळ बसून होतात. मी स्वयंपाकघरातून बघत होते. एकदा लावायचात, पुन्हा खाली ठेवायचात. शेवटी डोळे मिटून पहिली कात्री मारलीत. आयुष्यात कधी कापडावर डोळे मिटून कात्री चालवली होतीत का तुम्ही?

नणंद : नाही.

वहिनी : मग? त्यानंतर मी काय तोंडानं सांगू, बसत नाही म्हणून?

नणंद : तोंडानंच सांगायचं. तोंड कशाला दिलंय? मग रविवारी चढलीस कशी?

वहिनी : अर्ध्यापर्यंत चढले. पुढे सामान गटातल्या दुसऱ्यांनी घेतलं. पाण्याच्या बाटल्या एकीनं, स्टोव्ह एकानं, कपड्यांची पिशवी लीडरनं. मी शेवटी रिकामी सॅक घेऊन वर गेले.

नणंद : हेही सांगितलं नाहीस.

वहिनी : नाही.

नणंद : आणि लीडर काय म्हणाला?

वहिनी : तो नवा आहे. आधीचा असता तर सांभाळून घेतलं असतं, तो आम्हाला ओळखायचा. हा म्हणाला, काकू, या रविवारी शेवटचा सराव. ज्यानं त्यानं आपलं ओझं आपण न्यायचं. तुमचं सामान परत दुसऱ्याच्या पाठीवर गेलं, तर बुधवारी खिंडीच्या वाटेला मी तुम्हाला नेणार नाही. अपमान करायचा म्हणून नाही सांगत, म्हणाला. वर कुणाचा पाय मुरगळला तर त्याचं ओझं घ्यायला माणसं मोकळी हवीत.

दुकानदार : बरोबर बोलला.

नणंद : तुम्ही दोऱ्या आवरा.

दुकानदार : आवरतोय.

नणंद : वहिनी, एक सांगू? नको जाऊस. या वर्षी नको. अंगात काही नाही तुझ्या. दादा होता तेव्हा वेगळं होतं. सगळं त्याच्या पाठीवर. तू आपली बाटली हातात घेऊन मागून चालायचीस.

वहिनी : तेच तर.

नणंद : काय तेच?

वहिनी : इतकी वर्षं मी डोंगरावर गेले, वन्सं. लोक विचारतात, काय बघितलं? काय बघितलं सांगू? ह्यांची सॅक बघितली. वाट अरुंद असते, एकामागे एक चालायचं. माझ्या डोळ्यांपुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ही सॅक. हे वळून म्हणायचे, बघ, बघ, काय दिसतंय. मी म्हणायचे, तुम्ही बाजूला व्हाल तर दिसेल.

नणंद : असंच बोलायचीस का त्याला?

वहिनी : असंच. मग हसायचे आणि परत पुढे. आता मला एकदा पुढून बघायचंय. पुढच्या वर्षी वय बघून घेतील न घेतील, कुणी सांगावं?

नणंद : मग नव्याचं खूळ कशाला? हिलाच नीट करू. अहो, कापलेले तुकडे आहेत माझ्याकडे, जपून ठेवलेत. जोडून देते. माप कुठलं ते तुम्ही सांगा.

दुकानदार : पट्टा जोडाल हो तुम्ही, तुमच्याकडून होईल. पण आत ही सळई आहे ना, पाठीची? ती उंच माणसाची आहे. पट्टा हाडावर आणला तर वरचे पट्टे यांच्या खांद्याला टेकणारच नाहीत, वरून कमान करून जातील. खांद्याला टेकवले तर खालचा पट्टा बसकटावर. सळई शिवून लहान होत नाही.

नणंद : कापून होते.

दुकानदार : होते. मग ती सॅक राहत नाही, पिशवी होते.

नणंद : पण निदान वर जाईल ना ती! वहिनी, दादाची एवढी एकच वस्तू आहे जी वर जाऊ शकते. चष्मा काय वर पाठवू? चपला पाठवू? तू जाणार म्हणालीस तेव्हा मला एवढंच बरं वाटलं, की सॅक तरी जाईल. म्हणून तर कात्री लावली. तुझ्यासाठी नाही लावली, खरं सांगते. माझ्यासाठी लावली.

वहिनी : ठाऊक आहे मला.

नणंद : मग?

वहिनी : मग तुम्हीच सांगा. खिंडीत सॅक जायला हवी की मी? दोघींना जमत नाहीये. प्रयत्न केला मी. पोटावर वळ उठेपर्यंत केला.

नणंद : दे ती सॅक इकडे.

वहिनी : रागावलात?

नणंद : तुझ्यावर नाही. गप्प बस जरा. अहो, दोऱ्यावाले! इकडे या. ते माप कुठलं म्हणालात?

दुकानदार : टेप देतो.

नणंद : टेप माझ्या पर्समध्ये असतो. लोकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, माझ्या टेप. बोला.

दुकानदार : आधी मान खाली घालायला सांगा यांना. मानेच्या तळाशी एक हाड वर येतं, टेंगळासारखं.

नणंद : हे लागलं. हे आम्हीही धरतो, पाठीची उंची घ्यायला. इथून खाली कंबरेपर्यंत.

दुकानदार : थांबा. तुमची कंबर कुठे?

नणंद : माझी? माझी आता कुठेच नाही, वरपासून खालपर्यंत सारखीच.

दुकानदार : तसं नाही हो. म्हणजे कपड्याला कंबर कुठे धरता?

नणंद : जिथे नाडी बांधतात तिथे. सगळ्यात बारीक जागा असते ती.

दुकानदार : तिथेच फरक आहे. तिथे हाड नाही, नुसतं पोट आहे. तिथे ओझं टेकलं की आतडी दाबली जातात. सॅकची कंबर त्याच्या खाली. भांडायला उभं राहताना कंबरेवर हात ठेवतात ना, तेव्हा अंगठा ज्या हाडावर टेकतो, ते.

नणंद : ते मला शिकवायला नको. वहिनी, भांडायला उभी राहा.

वहिनी : मी कधी भांडले?

नणंद : म्हणून तर अंगाला वळ पडतात. ठेव हात. हं. हे हाड. अगदी वर आलंय गं हाड. आणि या बरगड्या... वहिनी, जेवतेस ना तू?

वहिनी : जेवते हो.

नणंद : माझ्या मापात तू अजून तेवढीच आहेस. मी तोंडपाठ मापानं कापत बसले, आणि तू मधल्यामधे केवढी उतरलीस. टेप लावला असता तर कळलं असतं. मीच टेप न लावता कापलं. माझ्या मशीनवर बसणाऱ्या मुलींनी असं केलं असतं तर घरी पाठवलं असतं मी त्यांना.

दुकानदार : किती आलं, ताई?

नणंद : हे बघा, तुम्हीच वाचा. माझा चष्मा लांबचा आहे.

दुकानदार : अच्छा. उंचीनं तुम्ही बऱ्या आहात, पण पाठ आखूड आहे. पायात गेली सगळी उंची. मी तुमच्याकडे बघून मधली दिली होती, ते चुकलंच माझं. उंची बघून सॅक द्यायची नसते, आम्हाला ठाऊक असतं, तरी हात तिकडेच जातो. ही लहान पाठीची बघा.

वहिनी : हलकी आहे.

दुकानदार : रिकामी आहे म्हणून. वाळू टाकतो. आधी पोटाचा पट्टा, हाडावर. मग खांदे. मग छातीचा. पट्टा ओढा.

वहिनी : ओढतेय. लागला. पण सैलच वाटतो.

दुकानदार : पुढे गाद्या एकमेकींना टेकल्या. त्या टेकल्या की संपलं, पुढे कितीही ओढा, आवळला जात नाही. मधे चार बोटं तरी जागा राहायला हवी. बारीक माणसाची हीच अडचण. ही नाही चालायची.

नणंद : ती तिकडे निळी आहे ती?

दुकानदार : ती मुलांची. शाळेच्या सहलीची.

नणंद : बसेल बघा हिला.

वहिनी : वन्सं, तिच्यावर माकड आहे.

नणंद : माकड मागे असतं, तुला कुठे दिसणार?

दुकानदार : बसेल, पण झोपायची पिशवी मावायची नाही तिच्यात. ही घ्या. हिचा पोटाचा पट्टा सुटा होतो, मी सगळ्यात लहान लावून देतो. हं. आता?

वहिनी : आता घट्ट आहे. हाडावर आहे. मान वर होते, घड्याळ दिसलं. साडेपाच वाजले. पण खांद्यावरून घसरतेय हो. बघा, इकडचा पट्टा पडतोय.

दुकानदार : छातीचा आवळा.

वहिनी : आवळला की गळ्याशी काचतो.

दुकानदार : मग काय करावं? पाठ बसली, पट्टा बसला. मला वाटतं थोडं चालून सवय होईल.

नणंद : सवय नाही व्हायची. सरका. गळा रुंद झालाय.

दुकानदार : कसला गळा?

नणंद : सॅकचा. हे दोन पट्टे वर जिथे शिवलेत ना, त्यांच्यातलं अंतर बघा. हिचे खांदे अरुंद आणि उतरते. कपड्याला गळा रुंद झाला की खांद्यावरून बाही पडते, तसं झालंय. पुढे बटण लावून गळा लहान होत नाही. मुळातच पट्टे जवळ हवेत. तुमच्याकडच्या सगळ्या अशा ओळीत टांगा बरं, पाठ इकडे करून.

दुकानदार : सगळ्या?

नणंद : लहान पाठीच्या. गिऱ्हाईक कुठे आहे दुसरं? टांगा.

वहिनी : वन्सं, अहो, ते दुकान त्यांचं आहे.

नणंद : म्हणून तर त्यांना सांगतेय. ही नाही. ही नाही. हीपण गळ्याला मोठी. ही. ही करड्या रंगाची. हिचे पट्टे जवळ आहेत आणि वरून आत वळवलेत. ही कुठून आली?

दुकानदार : ही खरं तर परत पाठवायची होती. घालून बघणारा प्रत्येक जण म्हणतो, मानेला लागते.

नणंद : त्यांच्या माना जाड असतील. हिला घाला. वाळू टाका.

दुकानदार : पाठीची उंचीही होते हिची कमीजास्त. थांबा, हे खाली घेतो. हं. घाला, ताई.

वहिनी : आधी पोटाचा. लागला. खांदे. छाती.

नणंद : काही बोलशील?

वहिनी : वाळू टाकलीत ना?

दुकानदार : तेवढीच आहे. मघाच्या सॅकमध्ये होती तेवढीच.

वहिनी : मग गेली कुठे?

दुकानदार : हाडावर गेली. आता मागे तो जिना आहे, माडीवर माझं सामान असतं. वर जा, खाली या. घाई करू नका. दुखलं तर कुठे दुखलं ते लक्षात ठेवा. दिवा डाव्या हाताला आहे.

वहिनी : जाऊन येते.

नणंद : सावकाश गं. कठडा धर. अहो, जिना भक्कम आहे ना?

दुकानदार : मी रोज चढतो. माझं वजन त्यांच्या दुप्पट असेल.

नणंद : हो, ते दिसतंय. पावलं ऐकू येतायत बघा. सारखी पडतायत.

दुकानदार : सारखी पडतायत. ही जुनी तुमच्या भावाची का?

नणंद : हो. थोरला भाऊ. तो गेल्यापासून खुंटीवर होती. तुम्ही म्हणालात ना, उंच माणसाची म्हणून? उंच होता. दारातून वाकून यायचा. पाठ म्हणजे नुसतं कपाट. त्याचा सदरा शिवायचा म्हणजे कापड कायम कमी पडायचं मला.

दुकानदार : तिचं काय करता? ठेवून जाणार असाल तर सुटे भाग काढून—

नणंद : हात लावू नका.

दुकानदार : नाही लावत.

नणंद : मी नेणार आहे परत. पट्ट्याचे तुकडे जोडते पुन्हा, होती तशी करते. कुणाला बसायची गरज नाही तिला. माझ्या मशीनशेजारी राहील, चिंध्या भरून. आणि रविवारी मी टेकडीखाली जाऊन थांबणार आहे. हिचा भरवसा नाही, परत येऊन सांगेल छान झालं म्हणून. आली वाटतं.

वहिनी : आले.

दुकानदार : कुठे दुखलं?

वहिनी : मांड्या.

दुकानदार : खांदे?

वहिनी : खांद्यांचं काही नाही. मांड्याच.

नणंद : धाप?

वहिनी : लागली. पण आपली नेहमीची लागते तशी. मधेच अडकल्यासारखी नाही. वन्सं, वर खिडकी आहे. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात, ते दिसलं मला. मान वर होती ना.

नणंद : बरं, बरं. चादरी बघून रडायचं नसतं. काढ ती. अहो, हीच द्या. आणि या पट्ट्यांची ही लांबलचक टोकं लोंबतायत, पायात येतील. ती मी घरी कापून—

दुकानदार : नाही! याला कात्री लावायची नाही.

वहिनी : नाही लावणार.

नणंद : बरं बाबा. मग गुंडाळून ठेवायला इलास्टिकच्या कड्या शिवते. ते तरी चालेल? का त्यालाही मनाई?

दुकानदार : कड्या चालतील. आणि कव्हर?

नणंद : कसलं कव्हर?

दुकानदार : पावसाचं. ते घ्यायला आला होतात.

(रविवार. टेकडीच्या पायथ्याशी, सगळे खाली उतरल्यावर.)

नणंद : उभी राहा. सॅक काढू नकोस. आधी मला सांग, आतलं काही कुणाला दिलंस?

वहिनी : नाही.

नणंद : खरं सांग. तुझं छान छान मी ऐकलंय.

लीडर : नाही दिलं हो, मावशी. मी मागेच होतो त्यांच्या. उलट वरती एकीची चप्पल तुटली, तिची पाण्याची बाटली यांनी घेतली.

नणंद : याच्याही तोंडी मावशीच. बघू खांदा, वहिनी.

वहिनी : इथे? चारचौघांत?

नणंद : कॉलर सरकव नुसती. हं. लाल आहे थोडं. निळं नाही. आणि हे पाय बघ कसे लटपटतायत.

वहिनी : पाय माझेच आहेत. ते दुकानात बदलून मिळत नाहीत.

नणंद : पोट?

वहिनी : पोटाला काही झालेलं नाही. भूक लागलीय नुसती. वन्सं, मी मधे चालत होते आज, शेवटी नाही. आणि एका वळणावर पुढचे सगळे पुढे निघून गेले, मागचे मागे राहिले. माझ्यापुढे कुणीच नव्हतं. एवढं मोठं दिसतं तिथून! मला कल्पनाच नव्हती.

नणंद : काय काय दिसलं?

वहिनी : घरी चला, सांगते. बसून सांगते.

लीडर : काकू, जायच्या आधी एक. बुधवारी पहाटे निघायचं, ते नक्की धरतो मी तुमचं. येताय ना?

वहिनी : येतेय.

लीडर : मग तंबूचं ठरवून टाकू. एका तंबूत दोघं, आणि तंबू दोघांनी वाटून न्यायचा. एकाकडे कापड, एकाकडे दांड्या. जुनी मंडळी म्हणत होती, तुम्ही नेहमी काकांबरोबर असायचात. मी या वर्षीच आलोय, मला काही कल्पना नाही. ते येणार आहेत का नंतर? का तुमच्याबरोबर दुसरं कुणी देऊ?

नणंद : अरे, तो—

वहिनी : थांबा, वन्सं. मी सांगते. दुसरं कुणी दे, बाबा. कुणीही चालेल, घोरणारी असली तरी चालेल. दांड्या माझ्याकडे दे, सॅकला बाजूला जागा आहे. माझे यजमान गेल्या वर्षी गेले, ऑगस्टच्या नऊ तारखेला.